बाईच्या थकव्याची तपासणी करा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. सकाळच्या एसटीने आणि वडापच्या जीपने आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या बायका हे माझे बहुतेक पेशंट. त्यांतल्या अनेकींची तक्रार सारख्याच शब्दांत सुरू होते : अंगात त्राण नाही, काम उरकत नाही, सारखे पडून राहावेसे वाटते. घरात हे ऐकून घेणारे कोणी नसते, आणि दवाखान्यातही बऱ्याचदा ताकदीच्या गोळ्या लिहून विषय मिटवला जातो. या थकव्यामागचे एक कारण असे आहे, की ते एका रक्ततपासणीत सापडते आणि दिवसाला दीड-दोन रुपयांच्या गोळीने आयुष्यभर ताब्यात राहते. ते म्हणजे थायरॉइड ग्रंथीचे काम कमी पडणे, हायपोथायरॉइडिझम. त्यावरचे औषध जुने आहे, स्वस्त आहे, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. तरीही ज्या बाईला ते हवे तिच्यापर्यंत ते वर्षानुवर्षे पोचत नाही. तिला योग्य प्रश्न विचारणारे कोणी भेटत नाही, आणि गोळी सुरू झाली तरी पुढे तिची विचारपूस करणारे कोणी नसते. या दोन्ही जागा आपल्या खात्याच्या हातातल्या आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला. जाहीर अशासाठी लिहिते आहे, की त्यातला बराचसा भाग घरोघरच्या बायकांनी आणि त्यांच्या नवऱ्यांनी, सासवांनीही वाचावा.

एका बाईचे सांगते, म्हणजे गाडे कुठे अडते ते कळेल. वय अडतीस, दोन मुले, दोन म्हशी आणि थोडी कोरडवाहू जमीन. एप्रिल महिना, पारा चाळिशीच्या वर, आणि ही बाई साडीवर स्वेटर घालून बसलेली. तिने टेबलावर प्लास्टिकची पिशवी रिकामी केली. लोहाच्या गोळ्यांची अर्धवट पाकिटे, कॅल्शियम, ताकदीची इंजेक्शने दिल्याच्या नोंदी, दोन ठिकाणच्या सोनोग्राफी, सलाईन लावल्याच्या चिठ्ठ्या. हिमोग्लोबिन साडेआठ. पाळीत आठ-दहा दिवस अंगावरून जायचे, म्हणून एका ठिकाणी गर्भपिशवी काढून टाकायचा सल्ला मिळालेला, आणि त्या खर्चासाठी एक म्हैस विकायची बोलणीही घरात झालेली. सलाईन लावले की दोन दिवस बरे वाटायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मी तिला पोटाचे विचारले. चार-चार दिवस शौचाला होत नाही, म्हणाली. केस? विंचरायला घेतले की झुबका हातात येतो. आवाज कधीपासून असा घोगरा? त्यावर ती पहिल्यांदा जरा हसली. फोन उचलला की पलीकडचा माणूस 'दादा' म्हणतो, म्हणाली. बांगड्यांचे मी नेहमी मुद्दाम विचारते. दोन वर्षांपूर्वी कासाराकडे दोन-चारच्या बांगड्या बसायच्या, आता दोन-आठ लागतात. वजन वाढले होते, पण जेवण तर कमीच झाले होते, आणि याच गोष्टीवरून घरात तिला बोलणी बसत होती. आळशी झालीस, बसून खातेस, म्हणून सुजलीस.

नाडी मिनिटाला ५४. कातडी कोरडी आणि खरखरीत, पापण्या फुगलेल्या, भुवयांची बाहेरची टोके विरळ. मग मी तिला खुर्चीवर गुडघे टेकायला सांगितले, पावले कडेबाहेर मोकळी ठेवून. टाचेच्या वरच्या जाड शिरेवर लहान हातोडीने हलका ठोका दिला. निरोगी माणसाचे पाऊल झटकन हलते आणि तितक्याच झटकन जागेवर येते. हिचे पाऊल हलले, आणि मग रेंगाळत, सावकाश मागे आले. या तपासणीला वीज लागत नाही, लॅब लागत नाही, पैसा लागत नाही. हे लक्षण प्रत्येकीत सापडत नाही, आजार बराच पुढे गेल्यावरच ते ठळक दिसते. पण दिसले, की कुठे शोधायचे ते कळते. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. टीएसएच १०० च्या वर.

हा आकडा काय सांगतो, ते आपल्या आशाताईंना नीट समजावले गेले पाहिजे, म्हणून थोडे त्याविषयी. मानेच्या पुढच्या बाजूला श्वासनलिकेला बिलगून असलेली थायरॉइड ग्रंथी थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातली ऊब, पाळी, मनाची उभारी, या सगळ्यांचा वेग त्याच्यावर अवलंबून असतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी त्याच्या मात्रेवर लक्ष ठेवते. चूल मंदावली की फुंकणीने जास्त जोर लावून फुंकावे लागते, तसे थायरॉक्सिन कमी पडले की पिट्युटरी जास्त टीएसएच सोडते. म्हणून टीएसएच वाढलेले असते, तेव्हा थायरॉइडचे काम कमी झालेले असते. कितीतरी बायका रिपोर्टवरचा मोठा आकडा पाहून 'माझा थायरॉइड वाढलाय' असे समजतात, आणि मग गोळीने तो आणखी वाढेल या भीतीने गोळीच घेत नाहीत.

ग्रंथी का मंदावते? मोठ्या वयाच्या बायकांत सगळ्यांत जास्त आढळणारे कारण म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटणे. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली चार रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांचे वर्णन लिहिले, म्हणून आजाराला त्यांचे नाव आहे. त्या चौघीही बाया होत्या. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो आणि तो घराण्यात चालतो. आईला, मावशीला, बहिणीला थायरॉइडची गोळी चालू असेल, तर त्या घरातल्या बाईच्या थकव्याकडे जास्त लक्ष द्यायला हवे. बाळंतपणानंतरच्या वर्षातही ग्रंथी बिघडू शकते. तेव्हा बाळाच्या जागरणाने थकली असेल, अंगावर पाजतेय म्हणून केस गळत असतील, असे म्हणून सगळे गप्प बसतात.

आपल्याकडे किती बायकांना हा त्रास आहे? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातल्या आठ ठिकाणी ५,३६० प्रौढांची तपासणी झाली होती, त्यात मुंबई होती आणि गोवाही होता. जवळपास ११ टक्के लोकांना हायपोथायरॉइडिझम निघाला. बायकांत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास होते, पुरुषांत ५ टक्के. एकूण तपासलेल्यांपैकी साडेतीन टक्के लोक असे होते, की आपल्याला हा आजार आहे हे त्यांना त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. ही गोष्ट चौकाचौकांत लॅब असलेल्या शहरांची. माझ्या तालुक्यातली टीएसएचची खासगी तपासणी म्हणजे बाईची एका दिवसाची खुरपणीची मजुरी. ती तपासणी तिने स्वतःहून करून घ्यावी, अशी अपेक्षा आपण कशी ठेवणार?

उपचाराला तर सव्वाशेहून जास्त वर्षे झाली. लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३ साली पाच बायकांची हकीकत डॉक्टरांच्या सभेपुढे मांडली होती, सुजट चेहरा, जड जीभ, मंदावलेली हालचाल. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने १८९१ साली मेंढीच्या थायरॉइडचा अर्क ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. ती सुधारली आणि त्यानंतर २८ वर्षे जगली. तेवढ्या वर्षांत तिच्या औषधासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. आज त्याच संप्रेरकाची कारखान्यात तयार झालेली, मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाणारी गोळी तालुक्याच्या कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते. तिचे नाव लेव्होथायरॉक्सिन. शरीरात जे कमी पडते तेच आणि तेवढेच ती भरून काढते. डोस बरोबर असेल, तर तिने ना हाडे झिजतात ना सवय लागते. जन्मभर घ्यावी लागते हे खरे, पण जन्मभर मीठही खावे लागते, त्याचे आपण दुःख करत नाही.

तर पहिली मागणी प्रश्नांविषयी. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सी-बॅक फॉर्म, म्हणजे साखर-बीपीसारख्या आजारांचा धोका पाहणारा तक्ता, आशाताई घरी जाऊन भरतात. तंबाखूचे विचारतात, कमरेचा घेर मोजतात, कुणाच्या घरात साखर-बीपी आहे ते लिहितात. त्याच बैठकीत बायकांना आणखी चार-पाच गोष्टी विचारता येतील. इतरांना उकडत असताना तुम्हाला थंडी वाजते का. पोट साफ होत नाही का. पाळीत जास्त जाते का, की पाळी लांबते. आवाज बदललाय का. घरात कोणाला थायरॉइडची गोळी चालू आहे का. आणि गळ्याकडे एकदा नीट पाहायचे, घोट गिळताना गाठ वर-खाली होते का ते. यांतले एकेक लक्षण वेगळ्या कारणानेही असू शकते. थकवा आणि बद्धकोष्ठ तर कोणालाही असतात. पण तीन-चार एकत्र आली, की त्या बाईचे रक्त टीएसएचसाठी गेले पाहिजे. प्रत्येक निरोगी बाईची सरसकट तपासणी करा, असे मी म्हणत नाही. त्याने पैसा जाईल आणि जिला गरज नाही तिला गोळी चिकटेल. लक्षणे असलेली, घराण्यात आजार असलेली, मूल राहत नसलेली, वारंवार गर्भपात झालेली, गळ्याचे ऑपरेशन झालेली, अंगावर कोड असलेली किंवा लहानपणापासून इन्शुलिन घेणारी बाई, यांच्यापासून सुरुवात करा. नैराश्याच्या गोळ्या सुरू करण्याआधी आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुरू करण्याआधीही हा रिपोर्ट एकदा पाहिलेला बरा, कारण दोन्हींच्या मुळाशी मंदावलेली थायरॉइड असू शकते.

एक बारीक गोष्ट, पण पैसे वाचवणारी. टीएसएचसाठी उपाशीपोटी येण्याची गरज नाही. रक्त द्यायला बाई ज्या वेळी केंद्रावर आली, त्याच वेळी घ्या, उद्या उपाशी या म्हणून परत पाठवू नका. उद्या ती येत नाही. आणि आधी टीएसएच एकटे करा, ते बिघडलेले निघाले तर त्याच नमुन्यातून फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातले मोकळे थायरॉक्सिन. खासगीत तीन-तीन, पाच-पाच तपासण्यांचे पॅकेज पहिल्याच दिवशी गळ्यात मारले जाते, त्यातल्या निम्म्यांनी उपचार बदलत नाही.

आता रक्तक्षयाचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. त्यामुळे थकलेली बाई समोर आली की 'रक्त कमी आहे' हे निदान आपोआप होते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण काहींचे रक्त कमी होण्यामागे पाळीतला रक्तस्राव असतो आणि त्या रक्तस्रावामागे थायरॉइड. तिला वर्षभर लोह दिले, तरी हिमोग्लोबिन जागचे हलत नाही. उलट बाजूनेही हे खरे आहे. थायरॉक्सिन बनवायला लागणारे एन्झाइम लोहावर चालते, त्यामुळे लोहाची कमतरता थायरॉइडलाही मागे खेचते. लोहाच्या गोळ्या तीन महिने नीट घेऊनही ज्या बाईचे रक्त वाढत नाही, तिचे टीएसएच पाहिल्याशिवाय चौथ्या महिन्याच्या गोळ्या नुसत्या हातात ठेवू नयेत.

याच धाग्याने मी गर्भपिशवीच्या ऑपरेशनांकडे येते, आणि इथे मला सगळ्यांत जास्त कळकळ आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पाहणीत ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, हे २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने सरकारपुढे ठेवले. फडावर पाळीचा त्रास नको, खाडा पडला की मुकादमाचा दंड नको, म्हणून बायका या ऑपरेशनापर्यंत कशा ढकलल्या गेल्या, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या साऱ्या जणींना थायरॉइड होता असे कोणी म्हणू शकणार नाही, मीही म्हणत नाही. पण पस्तिशीच्या आतबाहेरची बाई 'अंगावरून फार जाते' म्हणून येते, तेव्हा पिशवी काढण्याआधी जी साधी कारणे पाहायला हवीत त्यांत थायरॉइड आहे, आणि ते औषधाने सुधारते. बीडमध्ये तेव्हापासून खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. त्या परवानगीच्या कागदपत्रांत टीएसएचचा रिपोर्ट सक्तीचा करा, आणि ही पद्धत राज्यभर लागू करा. माझ्याकडे आलेल्या ज्या बाईचे वर सांगितले, तिची पाळी गोळी सुरू झाल्यावर चौथ्या महिन्यात पाच दिवसांवर आली. पिशवी शाबूत आहे आणि म्हैसही.

गर्भारपणात तर या आजाराचा परिणाम दोन जिवांवर होतो. गर्भाची स्वतःची थायरॉइड साधारण तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस कामाला लागते आणि पुरेसे थायरॉक्सिन बनवायला तिला आणखी काही आठवडे लागतात. तोवर बाळाच्या मेंदूला लागणारे थायरॉक्सिन आईकडूनच येते. म्हणून आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईला दिवस राहिले, की डोस लगेच वाढवावा लागतो, बहुतेकींना पाव ते तिसरा हिस्सा अधिक, आणि निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहावे लागते. घरचे मात्र नेमके उलटे करतात. 'पोटुशी बाईने कसल्याही गोळ्या खाऊ नयेत' म्हणून पहिल्याच महिन्यात गोळी बंद. ही गोळी गर्भाला धोक्याची नाही, ती बंद करणे धोक्याचे आहे. हे वाक्य प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिण्यासारखे आहे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये गर्भवतींच्या थायरॉइड तपासणीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या. कोणत्या गर्भवतीची तपासणी करायची, टीएसएच किती आले तर किती मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायची, हे सगळे त्यात इतके सोपे करून दिले आहे, की प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर तज्ज्ञाची वाट न पाहता उपचार सुरू करू शकतो. मी ज्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलते, त्यांतल्या अनेकांनी त्या पाहिलेल्याही नाहीत. तो दोष त्यांचा नाही. बाह्यरुग्ण विभागात शंभर पेशंट उभे असताना कोणी इंग्रजी पुस्तिका शोधत बसत नाही.

आणि एक गोष्ट अशी, की ती आपल्याच व्यवस्थेच्या दोन हातांमध्ये घडते. चौथ्या महिन्यापासून उपकेंद्रातली सिस्टर गर्भवतीला लोहाची गोळी देते आणि कॅल्शियम देते. दोन्ही थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. बाई तिन्ही गोळ्या सकाळी एकदम, चहाबरोबर घेते, कारण तिला तीनदा आठवण ठेवायची नसते आणि तिला कोणी वेगळे सांगितलेलेही नसते. मग टीएसएच उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, तरी उतरत नाही. या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे, एवढेच सांगायचे आहे. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर, लोह दुपार उलटून गेल्यावर, कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर. फक्त लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नये.

गोळी घेण्याच्या पद्धतीवर मी मुद्दाम लिहिते, कारण उपचार बहुतेक वेळा इथेच फसतो. ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास, जमले तर तासभर, काही खायचे-प्यायचे नाही. चहासुद्धा नाही. आता ज्या बाईचा दिवस पाचला धार काढण्याने सुरू होतो आणि चुलीवरचा पहिला चहा ज्यांच्यासाठी ठेवायचा ते सगळे उठून बसलेले असतात, तिला 'तासभर थांबा' सांगणे सोपे नाही. मी सांगते, गोळीची बाटली उशाशी ठेवा. पहाटे जाग येईल तेव्हा तोंडात टाका, मग गोठ्यात जा. धार काढून चहाला येईपर्यंत अर्धा-पाऊण तास होतो. तेही जमत नसेल तर रात्री जेवून तीन तासांनी, झोपताना घ्या, पण रोज एकाच वेळी. बाटली चुलीजवळच्या फळीवर ठेवू नका, उष्णतेने आणि ओलाव्याने गोळी खराब होते. एखादा दिवस चुकली तर घाबरू नका, आठवेल तेव्हा घ्या. हे औषध शरीरात आठवडाभर रेंगाळते, एका दिवसाने काही बिघडत नाही. बिघडते ते 'रिपोर्ट नॉर्मल आला, आता बरी झाले' म्हणून गोळी सोडल्याने. रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल आलेला असतो.

औषध रेंगाळते म्हणूनच घाईही उपयोगाची नाही. नवा डोस सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहायचे, त्याआधी पाहिले तर आकडा फसवतो. तरुण, हृदय ठणठणीत असलेल्या बाईला वजनाच्या हिशेबाने, किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम, पूर्ण डोस लवकर देता येतो. साठीच्या पुढच्या किंवा छातीत दुखणाऱ्या बाईला मात्र १२.५ किंवा २५ पासून हळूहळू चढावे लागते, नाहीतर हृदयावर ताण येतो.

लग्नाळू मुलींचे वेगळे सांगायला हवे. आईच तिला घेऊन येते आणि दार लोटून विचारते, ही गोळी लग्नानंतर लपवून घेता येईल का. स्थळ पाहताना थायरॉइड आहे असे कळले, तर 'पुढे मूल होणार नाही' म्हणून बोलणी मोडतात. मग ती मुलगी सासरी गोळी न्यायचीच टाळते, दोन वर्षांत तिचे टीएसएच चढते, पाळी बिघडते, दिवस राहत नाहीत, आणि ज्या गोष्टीची भीती होती ती गोळी न घेतल्यामुळे खरी होते. योग्य डोसवर असलेल्या मुलीला मूल होण्यात थायरॉइडची आडकाठी राहत नाही. लग्नाच्या बैठकीला बसणाऱ्या पुरुषांनी हे ऐकावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

दुसऱ्या टोकालाही चूक होते, आणि ती शहरांत जास्त. टीएसएच जरासे वाढलेले, फ्री टी-फोर व्यवस्थित, लक्षण काही नाही, अशा बाईला पहिल्याच रिपोर्टवर जन्मभराची गोळी लिहून देतात. टीएसएच १० च्या आत असेल आणि ती गरोदर नसेल आणि मूल होण्यासाठी प्रयत्नही करत नसेल, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. कित्येकदा ते आपोआप खाली आलेले असते. सत्तरीच्या आजींचे टीएसएच वयानेच थोडे वर असते. त्यांना उगाच गोळी दिली किंवा जास्त दिली, तर हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात. वजन उतरवायला म्हणून थायरॉइडची गोळी देणारे लोक तर माझ्या ऐकण्यात आहेत. हा शुद्ध गुन्हा आहे.

मोबाइलवर फिरणाऱ्या उपायांबद्दल थोडक्यात. कोबी-फ्लॉवर शिजवून नेहमीएवढा खाल्ल्याने काही होत नाही, भाजी बंद करू नका. कोणत्याही काढ्याने, रसाने मेलेली ग्रंथी परत जिवंत होत नाही, आणि गोळी बंद करायला सांगणाऱ्याच्या दारात पुन्हा जाऊ नका. मिठाचे मात्र ऐका. उपवासाला शेंदेलोण वापरणे वेगळे, पण 'नैसर्गिक' म्हणून बारा महिने तेच किंवा खडेमीठ वापरणाऱ्या घरांत आयोडिन कमी पडू शकते. आयोडिन नसलेले मीठ खाण्यासाठी विकायला देशात २००६ पासून बंदी आहे, आणि ती चांगल्या कारणासाठी आहे. ज्यांची ग्रंथी हाशिमोटोने मंदावली आहे, त्यांना जास्तीच्या आयोडिनने मात्र काही फायदा होत नाही, म्हणून आयोडिनच्या गोळ्या नकोत. साधे आयोडिनयुक्त मीठ पुरे.

आता आपल्या खात्याकडून नेमके काय हवे, ते. टीएसएचचा नमुना प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातून आठवड्याचे ठरलेले दिवस तरी गेला पाहिजे आणि रिपोर्ट बाईच्या मोबाइलवर मराठीत आला पाहिजे. २५, ५० आणि १०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या केंद्रात कधीही संपता कामा नयेत, आणि ज्यांचा डोस बसला आहे त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाल्या पाहिजेत. माझ्याकडे येणाऱ्या बायका सांगतात, दहा-पंधरा दिवसांच्या गोळ्यांसाठी दर खेपेला मजुरी बुडवावी लागते, तिसऱ्या खेपेला त्या जात नाहीत. साखर-बीपीच्या पेशंटचा पाठपुरावा आशाताई करतात, त्याच वहीत थायरॉइडच्या बायकांची नावे आणि पुढच्या टीएसएचची तारीख असू द्या, आणि या जादा कामाचा मोबदला आशाताईंना वेळेवर द्या. टाचेवर ठोका देऊन पाहण्याची तपासणी सिस्टरना आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना शिकवायला एक दुपार पुरते. गरज असेल तर माझ्या तालुक्यात मी ती शिकवायला येईन.

नवीन अभियानासाठी थांबायची जरुरी नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची तपासणी होतेच. २०१४ च्या त्या सूचनांचा दोन पानी मराठी उतारा प्रत्येक केंद्रात डॉक्टरांच्या टेबलावर काचेखाली लावा, रक्ताच्या नमुन्यांच्या यादीत टीएसएच घाला, आणि लोह-कॅल्शियम देणाऱ्या सिस्टरना चार तासांच्या अंतराचे सांगून ठेवा. येत्या ९ तारखेच्या रांगेपासून हे सुरू होऊ शकते.

कळावे.

आपली,
सोलापूर जिल्ह्यातील एक डॉक्टर